कापसाचे नऊशे रुपये

"मॅडम, मी ही नोकरी माझ्या मनानं धरलेली नाही."

जळगावात समुपदेशनाला बसू लागले त्याला अठरा वर्षं होत आली. एवढ्या काळात हे वाक्य किती तोंडांतून ऐकलं याचा हिशोब मी केव्हाच सोडला. रावेरकडची एक मुलगी बी.एस्सी. झाली आणि केळीच्या पॅकहाऊसमध्ये खोक्यांच्या नोंदी करू लागली, कारण धाकट्या भावाची फी भरायची होती. भुसावळच्या एकाचे आजोबा रेल्वेत, वडील रेल्वेत, म्हणून त्यानंही रेल्वेचाच फॉर्म भरला. चोपड्याच्या एकीला लग्नाआधी 'काहीतरी करते' एवढं दिसायला हवं होतं, म्हणून ती शाळेत लागली. कारणं वेगळी असतात, पण त्यामागची धास्ती तीच. सुरुवातच अशी झाली, तर पुढचं सगळं आयुष्य उसनंच का?

आई-वडील हाच प्रश्न उलटा करून आणतात. "पोरगं चांगली लागलेली नोकरी सोडायची म्हणतंय, त्याला समजवा." मी कुणाला समजवत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते. त्यावर निम्मी मंडळी नाराज होतात.

या साऱ्यांतला एक जण इथे सांगते. त्याला नितीन म्हणू. नाव बदललंय, खात्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशीलही काढलेत. अमळनेर-पारोळा पट्ट्यातला मुलगा, वय सव्वीस. वडील सरकारी कार्यालयात शिपाई. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. नितीन तेव्हा जळगावात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. सेवेत असताना गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला जी नोकरी मिळते, त्या अनुकंपाच्या प्रतीक्षायादीत दोन वर्षं गेली आणि मग त्याच कार्यालयात तो लिपिक म्हणून लागला. गट-ड मधल्या बापाचा मुलगा गट-क मध्ये गेला, म्हणून गावात पेढे वाटले गेले.

माझ्याकडे आला तेव्हा त्याला रात्री तीनला जाग यायची आणि रविवारी दुपारनंतर पोटात गोळा यायचा. सोबत मामा होते. मामांनी खुर्ची ओढतानाच सुरू केलं, "मॅडम, ह्याले सांगा. आपल्या अमळनेरचं उदाहरण आहे. अझीम प्रेमजी! १९६६ मध्ये वडील वारले, एकवीस वर्षांचं पोर अमेरिकेतलं शिक्षण अर्धं टाकून आलं आणि तेलाचा कारखाना सांभाळला. रडत बसला का तो?"

नितीन मान वर न करता म्हणाला, "मामा, त्यांच्या वडलांनी कंपनी ठेवली होती. माझ्या वडलांनी स्टूल ठेवलं."

मी मामांना चहा प्यायला बाहेर पाठवलं.

(जाता जाता सांगते, ते उदाहरण खरंच आहे. विप्रोचा जन्म १९४५ सालचा, अमळनेरचा, वनस्पती तुपाचा. पण त्याच अमळनेरात प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं शिक्षक होते आणि १९३० मध्ये ती नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले. धरणाऱ्याचाही दाखला अमळनेरचाच आणि सोडणाऱ्याचाही. थोरांचे दाखले देऊन घरातल्या पोराला गप्प करता येतं, त्याची झोप परत आणता येत नाही.)

स्टूल ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. साहेबांच्या केबिनबाहेर वडील ज्या स्टुलावर बसायचे ते अजून तिथेच होतं आणि नितीनला रोज त्याच्या शेजारून आपल्या टेबलाकडे जावं लागायचं. जुन्या आवक-जावक रजिस्टरात वडलांची सही दिसायची. ऑफिसातले लोक प्रेमानं त्याला 'अण्णांचा पोरगा' म्हणायचे. दोन वर्षांत त्याला नावानं हाक मारणारे दोघंच निघाले, एक चहावाला आणि एक नव्यानं बदलून आलेल्या बाई.

"ही नोकरी अण्णा मेले म्हणून मिळाली," तो म्हणाला. "दर महिन्याला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो ना मॅडम, तो मला त्यांच्या तेराव्याच्या पत्रिकेसारखा वाटतो."

इथे मी बराच वेळ गप्प बसले. अशा वाक्याला लगेच उत्तर देऊ नये. अनुकंपावर लागलेल्या मुलामुलींचं दुःख पुष्कळदा राहूनच जातं, कारण तेरावं होतं न होतं तोच दाखले, प्रतिज्ञापत्रं, वारसांच्या सह्या, खेटे असं सगळं सुरू होतं. नितीनचे पहिले तीन-चार तास फक्त अण्णांबद्दल बोलण्यात गेले. त्यातलं इथे काही लिहीत नाही.

त्यानंतरही पोटातला गोळा जाईना. दुःख मोकळं झालं की बाकीचं आपोआप सुटतं, असा माझा सुरुवातीच्या वर्षांत समज होता. तो केव्हाच गेला.

माझा ओढा व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अ‍ॅडलरकडे आहे, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पाठ झालंय. फ्रॉईडपासून १९११ मध्ये वेगळा झालेला हा डॉक्टर समोरच्याला त्याची सगळ्यात जुनी आठवण विचारायचा. माणूस कुठून आला यापेक्षा तो कुठे जायला निघालाय, इकडे त्याची नजर असे. आमच्या अहिराणीत हे एका शब्दात बसतं, कसाले. मराठीतला 'का' मागे बघतो, त्याचं उत्तर 'कारण वडील गेले' असं येतं आणि तिथे संपतं. 'कसाले?' म्हणजे कशाला, कशासाठी. त्याचं उत्तर पुढे बघूनच द्यावं लागतं. आमच्याकडे हा शब्द बहुतेक वेळा वैतागून वापरतात, ही गोष्ट वेगळी. मी तो नीट, हळू आवाजात वापरते, आणि हा शोध माझाच आहे असं मला अधूनमधून वाटतं.

नितीनला विचारलं, "नोकरी कसाले धरली?"

"आई आणि बहिणीसाठी. बहिणीचं लग्न व्हायचं होतं."

"झालं?"

"झालं ना. मागच्या वैशाखात."

"मग आता कसाले जातोस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "जावं लागतं."

ज्या कामासाठी नोकरी धरली ते काम वर्षापूर्वी पार पडलं होतं आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घरात लग्नाचे फोटो लागले, कर्जाचे हप्तेही बरेचसे फिटले, पण 'तुझं ते काम झालं बरं का' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तोही स्वतःला म्हणाला नव्हता. संपलेल्या कारणावर माणूस रोज ऑफिसला जात होता. मला वाटलं, सापडली गाठ. पण ती पुरती सापडली नव्हती.

पुढच्या वेळी मी माझा नेहमीचा प्रश्न काढला. "ही नोकरी राहू दे. आयुष्यातली सगळ्यात पहिली कमाई कोणती?"

"ती काय कमाई..."

"सांग तर."

नववीत होता. दिवाळीची सुटी. गावातल्या एका शेतकऱ्याकडे कापूस वेचणीला गेला. किलोला पाच रुपये. कमरेला फडकं बांधायचं आणि ओळीनं निघायचं. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा चिरतात, त्या त्यानं मला बोटं पुढे करून दाखवल्या, जणू कालच्याच आहेत. संध्याकाळी काट्यावर वजन. बायका पन्नास-साठ किलो वेचायच्या, याचं पहिल्या दिवशी अकरा भरलं. सगळ्या हसल्या. आठव्या दिवशी सत्तावीस भरलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

"एकूण किती झाले?"

"नऊशेला थोडे कमी होते. मालकानं पुरे नऊशे दिले."

"आणि ते कसाले कमावले?"

इथे तो हसला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

"सारंगखेड्याला जायला."

सारंगखेडा म्हणजे तापीकाठचं शहाद्याजवळचं गाव. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार. त्यानं अण्णांना विचारलं होतं आणि अण्णा म्हणाले होते, शिपायाच्या पोरानं घोडे बघून काय करायचंय? म्हणून तो वेचणीला गेला. मित्राला घेऊन एसटीनं गेला, दिवसभर घोडे बघितले, दोघांच्या भज्यांचे पैसे यानंच दिले, आणि उरलेल्या पैशांतून अण्णांसाठी लोकरीची टोपी आणली. अण्णांनी आधी शिवी दिली. मग ती टोपी पाच हिवाळे घातली.

"मॅडम, त्या दिवशी मला कुणालाच विचारावं लागलं नव्हतं," तो म्हणाला. आणि मग एकदम थांबला.

मी वाट बघितली. पंख्याचा आवाज येत होता.

"आज इथे यायला मी आईकडून दोनशे रुपये मागून आणले. पेट्रोलला."

त्याचं एटीएम कार्ड आईकडे होतं. पहिल्या पगारापासून. सव्वीस वर्षांचा, कायम नोकरीतला, दुसऱ्यांच्या फाइली मार्गी लावणारा माणूस पेट्रोलला पैसे मागत होता, आणि इतक्या भेटींत त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. नववीतल्या पोराच्या खिशात नऊशे रुपये होते. लिपिकाच्या खिशात काहीच नव्हतं.

मी आजवर पाहिलेल्या भेटींमधली ही फार आवडती भेट आहे, म्हणून इतकं लांबवलं. यात मी काही समजावलं नाही. प्रश्न तेवढा बरोबर ठिकाणी ठेवला. तो मात्र पाच मिनिटं हसत होता आणि डोळे पुसत होता.

आता यावरून कुणी आईला खाष्ट ठरवू नये. त्यांना बोलावलं तर माउली घाबरूनच आली. कार्डाचा विषय काढला तर म्हणाली, "त्यासनी बी पगार मनाच हातमा दिधा." त्यांनीही पगार माझ्याच हातात दिला. तीस वर्षं त्या घरात पगार तिच्या हाती येत होता, नवरा तिच्याकडून बिडीकाडीला मागून घेत होता आणि त्यात दोघांनाही मान वाटत होता. नितीनला कार्यालयातली जागा मिळाली, तशीच घरातलीही अण्णांची जागा मिळाली होती. कुणी ठरवून दिली नव्हती. रिकामी होती, तो बसला. त्यात अनुकंपावर लागताना कुटुंबाचा सांभाळ करीन असं लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचा अर्थ त्यानं 'सगळं देऊन टाकीन' असा लावून घेतला होता. कागदात तसं काहीच नाही.

मी आईंना म्हटलं, "ताई, कार्ड त्याला द्या आणि दर महिन्याला घरखर्चाची रक्कम त्यानं तुमच्या खात्यात टाकायची. आकडा तुम्ही दोघं ठरवा." त्यांनी पदराच्या गाठीतून कार्ड काढलं आणि तिथल्या तिथे टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "मंग हाऊ नोकरी नही सोडाव ना?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर राजीनाम्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध भांडण्याआधी एवढं बघा की दुखतंय नेमकं काय. काम दुखतंय, माणसं दुखताहेत, की केलेल्या कामातलं स्वतःपर्यंत काहीच पोचत नाही ते दुखतंय? तिन्हींचे उपाय निराळे आहेत. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात बारा-बारा तास उभा राहणारा एक मुलगा आला होता. साप्ताहिक सुटी नाही, पगाराची पावती नाही, जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मी बालपणीची आठवण वगैरे काही विचारलं नाही. दुसरी नोकरी शोध म्हटलं. जिथे काम खरंच पिळून घेतं, तिथे मनाची मशागत करत बसणं हा माणसाचा अपमान आहे.

पण जिथे काम ठीक आहे आणि तरी जीव नको म्हणतो, तिथे जुनं कारण संपलंय का ते तपासावं. भावाची फी, बहिणीचं लग्न, घराचा हप्ता या कारणांना मुदत असते. मुदत संपली की घरच्यांनी तोंडानं तसं म्हणावं. "तू केलंस, झालं, आता तुझं तू बघ," एवढं म्हणायला आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना फार जड जातं, कारण म्हटलं की पोरगं हातचं जाईल अशी भीती वाटते. माझ्या पाहण्यात उलटंच जास्त आहे, न म्हटल्यामुळे गेलेली पोरं. आणि पगारातला काही भाग, लहान का असेना, कुणाला हिशोब न देता खर्च करता आला पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हे मी दुप्पट जोरानं सांगते. माहेरी बापाकडे आणि सासरी नवऱ्याकडे कार्ड देऊन स्वतः भाडं मागणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्यात. त्यांना पोटात गोळा आला तर कुणी समुपदेशकाकडेही आणत नाही, ओवा देतात.

झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र असल्या प्रश्नोत्तरांत वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

नितीननं नोकरी सोडलेली नाही. सोडणार नाही असंही म्हणालेला नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जळगावच्या खोलीवरून घरी आणली, त्यातली निम्मी वाटून टाकली. ऑफिसातलं ते स्टूल मोडकळीला आलं होतं, ते त्यानं निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत घालायचं ठरवलं आणि ऐन वेळी नाव खोडलं. पोटातला गोळा कमी झालाय, पण रविवारी अजून येतो.

मार्गशीर्षात एका सकाळी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. पांढराशुभ्र घोडा, कपाळावर गोंडे, मागे तापीचं पात्र. खाली लिहिलं होतं, "दोन लाख सांगतोय. घेत नाही, घाबरू नका."

थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. "मामा पण आलेत. भजी मी दिली."