थंडीत चहाने ऊब टिकत नाही, मग काय घ्यावं?

दिवसाला सात-आठ कप चहा होतो, तरी थंडी वाजतेच, तर हिवाळ्यात काय खावं-प्यावं, असं विचारलंय तुम्ही. चहा सोडा असं सांगणार नाही, मलाही ते जमलेलं नाही. पण त्याच्याकडून अपेक्षा जरा जास्तच ठेवताय.

हिशोब बघा. ६० अंश सेल्सिअसचं २०० मिली पेय पोटात जाऊन ३७ अंशांवर येईपर्यंत शरीराला जेमतेम साडेचार किलोकॅलरी उष्णता मिळते. ६० किलोच्या माणसाचं तापमान तेवढ्याने अंशाच्या दहाव्या भागानेही वाढत नाही. बरं वाटतं ते कपाला लपेटलेल्या बोटांना, घशाला, तोंडावर येणाऱ्या वाफेला. कप रिकामा, की ते सुखही संपलं.

टिकणारी ऊब अन्न पचताना तयार होते. प्रथिनांतली २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते आणि तिची उष्णता होते. पिष्टमय पदार्थांत हेच प्रमाण ५ ते १० टक्के. म्हणून संध्याकाळच्या दोन चहांऐवजी मी मसुराचं दाट सूप करतो. कांदा मंद आचेवर तांबूस होऊ द्यायचा (इथे घाई केली की सगळी चव गेली), मग लसूण, गाजर, मसूर आणि पाणी. मसूर पूर्ण विरघळला की मीठ, मिरपूड, लिंबू. दाट असल्यामुळे ते चहासारखं झटकन निवत नाही. वर साय धरल्यासारखं दिसतं आणि आत चमचा घातला की जीभ पोळते.

रात्री आल्याचं दूध. माझं दोनदा फाटलं, तेव्हा कळलं की कच्च्या आल्यातलं एक एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. आलं आधी पाण्यात खळखळ उकळून घ्या, दूध मागाहून.

दारूच्या नादी मात्र लागू नका. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आणि कढत कढत घोट घ्यायची सवय असेल तर ती मोडा. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. मी कप भरला की आधी वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत बसतो. नीट पुसून होईपर्यंत चहा पिण्याजोगा झालेला असतो.