लस, पॅरासिटामॉल आणि ऑटिझम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नातू अडीच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला आणि महिन्याभरात तो बोलत होता ते चार शब्दही गेले. डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला. आता नात नऊ महिन्यांची होईल. सूनबाई म्हणते, हिला लस द्यायचीच नाही. तिला कसे समजवावे? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर: आजी, सूनबाईंनी जे पाहिले ते खोटे नाही. शब्द खरेच गेले. पण सरकारी वेळापत्रकात हा डोस १६ ते २४ महिन्यांत येतो आणि ऑटिझममध्ये आलेले शब्द हरवतात तेही बहुधा १५ ते २४ महिन्यांतच. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे वाटते. घरी पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर शांतपणे पाहा. हाक मारल्यावर नातू वळतो का? बोट दाखवून आईकडे बघतो का? बऱ्याच मुलांत फरक तेव्हापासूनच दिसतो. मात्र हा व्हिडिओ आईला दोष देण्यासाठी पाहू नका. आईच्या कोरड्या वागण्याने ऑटिझम होतो, असे एके काळी डॉक्टरही म्हणत. त्या चुकीने असंख्य आयांना रडवले आहे.

लसीवरचा आरोप १९९८ साली ब्रिटनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी केला, तोही अवघ्या १२ मुलांवरून. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा छापलेला लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष आले: गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. ज्यांच्या भावंडाला ऑटिझम आहे, अशा मुलांतही नाही. सूनबाईंना नेमके हेच सांगा, कारण तुमची नात याच गटातली आहे.

आता एक अवघड गोष्ट. भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यालाही असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. ती आनुवंशिक आहे, लस टाळून कमी होत नाही. टाळल्यास गोवराचा धोका तेवढा वाढतो आणि गोवरातून न्यूमोनिया, मेंदूज्वर होऊ शकतो. लस वेळेवर द्या आणि नातीकडे लक्ष ठेवा: वर्षाची झाल्यावरही नावाने वळत नसेल, टाटा करत नसेल किंवा बोट दाखवत नसेल तर 'मुली उशिरा बोलतात' म्हणत थांबू नका.

प्रश्न: लेक पाच महिन्यांची गरोदर आहे. पॅरासिटामॉलने बाळाला ऑटिझम होतो, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनीच सांगितल्याचे मोबाइलवर आले. ताप आला तर? (हिंगणा रोड)

उत्तर: तसे विधान सप्टेंबर २०२५ मध्ये झाले खरे. त्याआधी २०२४ मध्ये स्वीडनमधील सुमारे २४.८ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वरवर पाहता गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत किंचित फरक दिसला, पण सख्ख्या भावंडांची तुलना करताच तो नाहीसा झाला. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, घराण्याचा किंवा ज्या आजारासाठी गोळी घेतली त्याचा असावा.

गरोदरपणात जास्त ताप अंगावर काढणे बाळाला घातक ठरू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, लागेल तेवढीच आणि कमीत कमी दिवस गोळी घ्यावी. चूक होते ती औषधाच्या दुकानात. 'तापाची गोळी द्या' म्हटले की पॅरासिटामॉलमध्ये आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक मिसळलेली गोळीही हातात पडू शकते. २० आठवड्यांनंतर ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. स्ट्रिपवर फक्त पॅरासिटामॉल ५०० लिहिलेले आहे का, ते वाचून घ्या.

ज्या औषधाबद्दल पुरावा पक्का आहे ते मिरगीवरचे व्हॅल्प्रोएट. ते चालू असेल तर गर्भधारणेआधीच मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलावे, मनाने बंद करू नये.

प्रश्न: शरीरातला पारा काढला की मूल बोलते, असे एकाने सांगितले. खर्च करावा का? (सक्करदरा)

उत्तर: मुळीच नाही. या उपचारात देतात त्या औषधांपैकी एकाने रक्तातले कॅल्शियम झपाट्याने उतरते. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा त्यानेच दगावला. आधी मुलाची ऐकण्याची बेरा तपासणी करा; ऐकू कमी येत असेल तरी मूल बोलत नाही. मग नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या बालरोग विभागात दाखवा. सोबत मूल घरी एकटे खेळतानाचा आणि हाक मारल्यावरचा, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या. ओपीडीच्या गर्दीत मूल बिथरते आणि डॉक्टरांना त्याचे रोजचे वागणे दिसत नाही.