विद्युत क्षेत्र उलटे केल्यावर फेरोइलेक्ट्रिक पदार्थातील सगळे द्विध्रुव एकाच वेळी उलटतात का?

नाही, एकाच वेळी उलटत नाहीत. (फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्यातले द्विध्रुव, म्हणजे धन-ऋण भारांच्या जोड्या, बाहेरचे क्षेत्र नसतानाही एका दिशेला वळलेले राहतात आणि क्षेत्राने उलटवता येतात असा पदार्थ; या एकत्रित वळण्याला ध्रुवीकरण म्हणतात.) तुम्ही पुढे असेही विचारले आहे की क्षेत्र उलटसुलट करण्याची वारंवारता वाढवली की कोअर्सिव्ह क्षेत्र (ध्रुवीकरण उलटवायला लागणारे क्षेत्र) का वाढते; त्याचे उत्तर याच ‘नाही’मध्ये दडलेले आहे.

बेरियम टायटॅनेट घेऊ. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली या स्फटिकातला टायटॅनियम आयन ऑक्सिजनच्या अष्टफलकाच्या केंद्रापासून अँगस्ट्रॉमच्या जेमतेम दहाव्या भागाइतका सरकलेला असतो, आणि तेवढ्यावरच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ मायक्रोकूलॉम ध्रुवीकरण उभे राहते. हे सगळे आयन एका दमात पलीकडे जायचे म्हटले, तर सिद्धांतानुसार दर सेंटिमीटरला शंभराहून अधिक किलोव्होल्ट लागतील. चांगल्या एकस्फटिकात प्रत्यक्षात १ किलोव्होल्टच्या आसपास भागते.

कारण उलटण्याची सुरुवात एखाद्या ठिकाणीच होते. बहुधा इलेक्ट्रोडलगत किंवा स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी उलट्या ध्रुवीकरणाचा लहानसा डोमेन (एकाच दिशेच्या द्विध्रुवांचा भाग) जन्मतो, क्षेत्राच्या दिशेने सुईच्या आकारात आरपार वाढतो आणि मग त्याच्या भिंती बाजूंना सरकू लागतात. निर्दोष स्फटिकात असा डोमेन केवळ उष्णतेच्या बळावर जन्मणे जवळजवळ अशक्य आहे, हे रॉल्फ लँडाउअर यांनी १९५७ मध्येच दाखवले होते. म्हणून दोषांकडे निव्वळ वैगुण्य म्हणून पाहणे मला पटत नाही, त्यांच्यावाचून हे पदार्थ इतक्या कमी क्षेत्राला उलटलेच नसते.

भिंतीची हालचाल कमी क्षेत्रात अडथळे ओलांडत, थांबत-थांबत होते. वॉल्टर मर्झ यांना १९५४ मध्ये बेरियम टायटॅनेटवर असे आढळले की कमी क्षेत्रात उलटण्याचा काळ क्षेत्राच्या व्यस्ताबरोबर घातांकी रीतीने वाढतो, म्हणजे क्षेत्र थोडे कमी केले तरी काळ अनेक पटींनी लांबतो. वारंवारता वाढवल्यावर भिंतींना वेळ कमी मिळतो, आणि तेवढ्याच वेळात काम उरकायला अधिक क्षेत्र लागते. त्यामुळे वारंवारता, तापमान आणि नमुन्याची जाडी न सांगता दिलेल्या कोअर्सिव्ह क्षेत्राच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही.

तुम्ही स्वतः मोजमाप करणार असाल, तर नुसत्या लूपवर (क्षेत्र मागेपुढे फिरवताना ध्रुवीकरणाच्या आलेखात उमटणाऱ्या बंद वळीवर) समाधान मानू नका. गळतीचा प्रवाह असला तरी बंद लूप दिसते. जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये चक्क केळ्याच्या सालीची तशी लूप दाखवली होती. त्रिकोणी व्होल्टेज देऊन प्रवाहाचा आलेख पाहा: खरे ध्रुवीकरण उलटत असेल, तर कोअर्सिव्ह क्षेत्रापाशी प्रवाह उसळून शिखर गाठतो आणि व्होल्टेज वाढतच असताना पुन्हा खाली येतो. त्यानंतर एकाच दिशेचे दोन स्पंद लागोपाठ द्या. पहिल्यात उलटणे, गळती आणि धारितेचा भार हे सगळे मोजले जाते, दुसऱ्यात उलटणे वगळून बाकीचे. दोहोंतला फरक हाच उलटलेल्या ध्रुवीकरणाचा भार.