आजीचा श्वास मोजत जागणाऱ्या मुलास

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी आलेला होता. म्हणजे तेव्हाही तू जागाच होतास. आजीच्या खोलीच्या दारात उभा राहून पांघरूण वरखाली होतंय ना ते बघतोस, परत येऊन पडतोस आणि झोप लागत नाही, असं लिहिलंस. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या तीन वर्षांत मीही किती रात्री त्यांच्या नाकापाशी हात धरून उभी राहिले आहे. म्हणून "काळजी करू नकोस" असं तुला सांगणार नाही. मला कुणी ते सांगितलं की फार एकटं वाटायचं.

आजी पुन्हा पडेल ही तुझी भीती खोटी नाही. खुब्याचं हाड एकदा मोडलेल्या माणसाला जपावंच लागतं. पण ही भीती डोक्यात बाळगण्यापेक्षा बाथरूममध्ये उतरव. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसव, फरशीवर रबरी मॅट टाक, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळेल असा बारका दिवा लाव, वाटेतली पायपुसणी उचल. आणि तिला एक सवय लाव: आधी पाय खाली सोडून मिनिटभर काठावर बसायचं, मग वॉकर धरून उभं राहायचं. म्हातारपणी उठल्याबरोबर बीपी एकदम उतरतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच, आणि तोल जातो तो त्या क्षणाला. एका रविवारचं काम आहे. त्यानंतरही ती पडू शकते, पण तुझ्या जागरणाने जे टळणार नाही ते दांड्याने टळू शकेल.

ती काही वेळा असंबद्ध बोलते, हे तू एका ओळीत उरकलंस. त्यावर मात्र थांब. आमच्याकडे सासूबाई एकदा दिवेलागणीला विचारायला लागल्या, "बैल सोडले का? म्हशीला पेंड घातली का?" गावची शेती विकून तेव्हा वीस वर्षं झाली होती. वयोमानाने होतंय असं आम्ही समजलो. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी मला ओळखलंच नाही. रक्त तपासलं तर सोडियम ११८. असायला हवं १३५ ते १४५. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, खाणं जेमतेम, त्यात आम्ही मीठही तोडलेलं. दवाखान्यात ठेवलं, गोळी बदलली, आठवड्याभरात माणूस ताळ्यावर आलं. घरी आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "चहात साखर कमी पडलीय गं." मी ओट्याशी उभी राहून रडले.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेव. विसरणं महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातं ते वेगळं. एक-दोन दिवसांत माणूस बदललं तर ते वयावर ढकलायचं नाही. सोडियम, लघवीतला संसर्ग, पोट साफ नसणं, नवीन सुरू झालेली गोळी, काहीतरी कारण असतं आणि बऱ्याचदा ते बरं होण्यासारखं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

त्या दवाखान्यातून आल्यावर मी दोनशेपानी वही घातली. काय खाल्लं, पाणी किती, लघवी, शौच, झोप, गोळ्या, आणि शेवटच्या रकान्यात "आज वेगळं काय". तिथे मी रोज त्यांच्या माकडहाडाची आणि टाचांची नोंद करायची. उजेडात बघायचं. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. आजी दिवसाचा बराच वेळ पडून असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, एअरबेड असला तरी. ब्युरोतून आलेल्या मावशी बदलल्या तरी वही बदलत नाही, आणि डॉक्टरांपुढे आठवत बसावं लागत नाही. रात्री "आज पाणी पुरेसं प्यायली का" असं मनात आलं की मी उठून वही बघायचे आणि परत झोपायचे. माझं जागरण या वहीने निम्मं केलं.

कागदपत्रं दवाखान्याच्या पायरीवर शोधायची वेळ आणू नकोस. आजी सत्तरीपुढची आहे, तिचं आयुष्मान कार्ड काढून ठेव. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, घरचं उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. त्यासाठी तिला नोव्हेंबरात बँकेत नेऊ नकोस. आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ फ्रिजवर लिहून ठेव.

तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये आईचा उल्लेख एकदाच आला. दिवसभर आजीला उचलते, बसवते ती आई. तिची कंबर, तिची झोप, हेही वहीत लिहिण्यासारखं आहे. काका परदेशातून रोज फोनवर सल्ला देतात याचा तुला राग येतो. त्यांना "मदत करा" असं म्हणू नकोस, काम नेमून दे. मावशींचा पगार दर एक तारखेला त्यांनी पाठवायचा. आत्याने महिन्यातून दोन शनिवार मुक्कामाला यायचं, आणि त्या दिवशी आईने घराबाहेर पडायचं. लांब राहणाऱ्यांना पुष्कळदा काय करावं ते खरंच कळत नसतं.

शेवटी तू लिहिलंस, "कधी कधी वाटतं हे संपावं, आणि मग माझीच मला किळस येते." हे वाचून तुझ्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. एका श्रावणात, एका रात्रीत तिसऱ्यांदा डायपर बदलताना, मलाही ते वाटलं होतं. दोन वर्षं कुणाजवळ बोलले नाही. शेवटी नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, मला तर आठवड्यातच वाटलं होतं." थकलेल्या माणसाच्या मनात हे येतं. ते येऊनही तू दुसऱ्या दिवशी सकाळी आजीची वेणी घालतोस. मन फारच बसलं तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणतात त्याला. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक अवघड गोष्ट. आजी शुद्धीत आहे, बोलते आहे, तोवर तिला विचार की पुढे तिला काय हवं, काय नको. व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत असं कुणाला वाटत असेल तर ते दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरीकडे साक्षांकित करता येतं. २०१८ला सुप्रीम कोर्टाने याला मान्यता दिली आणि २०२३मध्ये ही पद्धत सोपी केली. मी सासूबाईंना भीत भीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मला घरातच राहू दे, आणि देवघराचं दार उघडं ठेव." त्यानंतर त्यांच्याजवळ बसताना माझी छाती धडधडायची थांबली.

त्या गेल्या त्या रात्री मी झोपलेली होते. नणंदेची पाळी होती. तिने उठवलं तेव्हा हात अजून ऊबदार होते, आणि देवघराचं दार उघडं होतं. मी जागी नव्हते याचं पहिली दोन वर्षं फार वाईट वाटत राहिलं. आता वाटत नाही. त्या दिवशी सकाळी मी त्यांना कोमट पाण्याने पुसलं होतं, मऊ भात भरवला होता, आणि माझे हात दमलेले नव्हते.

आजच रात्रीची पाळी ठरवा, तुझी की आईची. ज्याची नाही त्याने खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि फोन दुसऱ्याच्या उशाशी द्यायचा.

येत्या रविवारी मी येते. दुपारी आजीजवळ मी बसेन, तू आणि आई कुठेतरी जाऊन या. तिला शिरा गिळता येतो का, आणि साखर चालते का, एवढं आधी कळव.

तुझ्या,
बाई