झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरच्या जुन्या गेममध्ये हिरो झाडाजवळ गेला की झाडाचा रंग का बदलतो?

बग नाहीये तो, मेमरी वाचवायची युक्ती आहे. 1982 चं मशीन, सगळ्यात स्वस्त मॉडेलला रॅम फक्त 16 केबी. स्क्रीन 256 बाय 192 पिक्सेलची, आता प्रत्येक पिक्सेलला 16 पैकी एक रंग द्यायचा म्हटलं तर 24 केबी नुसत्या चित्रालाच लागले असते, म्हणजे विषयच संपला.

मग मशीन बनवणाऱ्यांनी काय केलं, तर पिक्सेल नुसता चालू की बंद एवढंच ठेवलं, त्याला 6144 बाइट्स, आणि रंग वेगळे, 8 बाय 8 च्या प्रत्येक चौकोनाला एकच बाइट, असे 768 चौकोन. त्या एका बाइटमध्ये पुढचा रंग, मागचा रंग, ब्राइट (रंग उजळ की नाही) आणि फ्लॅश (लुकलुकायचं की नाही) सगळं कोंबलेलं. म्हणजे एका चौकोनात रंग दोनच! काळ्यावर हिरवं झाड आहे आणि पिवळा हिरो त्याच चौकोनात घुसला की तिथलं झाडही पिवळं होणार, तिसऱ्या रंगाला जागाच नाही ना. ह्यालाच ॲट्रिब्यूट क्लॅश म्हणतात.

कॅसेटवरून गेम लोड होताना तर हे सरळ दिसतं, आधी एकरंगी चित्र पट्ट्यापट्ट्यांनी भरत जातं आणि शेवटी वरून खाली भराभर रंग चढतात, कारण रंगांचे बाइट्स मेमरीत चित्रानंतर येतात (मला तर गेमपेक्षा हेच बघायला जास्त मजा येते).

बरेच गेमवाले मग सरळ खेळायचा भाग दोनच रंगांत ठेवायचे आणि रंगीबेरंगी काम स्कोअरच्या पट्टीवर करायचे.