'पासंग' आणि 'धडा' एकच का?

प्रश्न असा आहे: 'तो तुझ्या पासंगालाही पुरणार नाही' यातला पासंग म्हणजे नेमकं काय? धडा तोच का? आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीतल्या जुन्या तराजूलाही पासंग असतो का?

दोन्ही शब्द तागडीचेच, पण कामं वेगळी. रिकामी तागडी उचलल्यावर दांडी कलली, तर हलक्या पारड्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. शब्द फारसी, त्यातल्या 'संग'चा अर्थ दगड. धडा असतो भांड्याचा. तेल तोलायचं तर आधी रिकाम्या भांड्याइतका भार समोरच्या पारड्यात टाकायचा, म्हणजे धडा करायचा. जो पासंगालाही पुरत नाही, त्याला पारड्यात घालून तोलायची गोष्टच दूर. म्हणून तो वाक्प्रचार इतका झोंबतो.

जुन्या रासायनिक तराजूलाही पासंग असतोच. पितळी दांडी अकीकाच्या धारेवर टेकलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांना आट्यांवर फिरणाऱ्या बारीक चकत्या असतात. काटा शून्यावर येईपर्यंत त्या किंचित आत-बाहेर फिरवायच्या. हाच त्याचा पासंग. दांडीवर सरकवायचा १० मिलिग्रॅमचा तारेचा रायडर मात्र पासंग नव्हे, ते वजनच.

पण पासंगाने सगळी खोड जात नाही. समजा दांडीची डावी बाजू १०.१ सेंटिमीटर आणि उजवी १० सेंटिमीटर आहे. पासंग लावून रिकामा तराजू अगदी समतोल दिसेल, तरी डावीकडे ठेवलेला १०० ग्रॅमचा पदार्थ उजवीकडे १०१ ग्रॅम भरेल. पारडी बदलली तर ९९.०१. जर्मन गणिती गाउसची रीत अशी की दोन्ही बाजूंनी तोलायचं आणि दोन उत्तरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं: बरोबर १०० येतात.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दाच्या नावाने ओळखली जाणारी रीत मला याहून देखणी वाटते. पदार्थ एका पारड्यात ठेवून समोर वाळू किंवा छर्रे घालून समतोल साधायचा. मग पदार्थ उचलायचा, वाळूला हात लावायचा नाही, आणि त्याच रिकाम्या पारड्यात काटा जागेवर येईपर्यंत वजनं घालायची. पदार्थ आणि वजनं दांडीच्या एकाच बाजूला, त्यामुळे लांबीतला फरक निकालात शिरतच नाही. ती वाळू म्हणजे चक्क पदार्थाचा धडा! १९४५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये एऱ्हार्ड मेटलर यांनी एका पारड्याचा तराजू काढला, त्यात दांडीच्या मागच्या टोकाला कायमचा भार असतो आणि पदार्थ ठेवला की त्याच्याच बाजूची वजनं कळ फिरवून उचलली जातात. हाही धडाच, फक्त कायमचा बसवलेला.

तेव्हा कोशात हे शब्द शेजारी दिसले तरी लिहिताना एकाच्या जागी दुसरा घालू नये. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी वाटी ठेवून 'टेअर'चं बटण दाबतो, त्याला धडा करणं म्हणावं, पासंग नव्हे.