नाकाबंदी, डिकी आणि एनडीपीएस : तुमचे प्रश्न

लायसन्स दाखवायला काच खाली केली आणि पहाटेपर्यंत अमली पदार्थांचा गुन्हा दाखल झाला, अशा धर्तीचे प्रश्न बरेच दिवस साचले होते. त्यातले पाच आज घेतो. नावं-गावं गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसला होता. नाकाबंदीत गाडी अडवली. डिकीतल्या सॅकमध्ये दीड किलो गांजा सापडला आणि चौघांनाही अटक झाली. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग तो आरोपी कसा?

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात (१९८५) नुसतं जवळपास असणं म्हणजे ताबा नव्हे. वस्तू तिथे आहे याची जाणीव हवी आणि तिच्यावर काही ना काही नियंत्रण हवं. पण ताबा एकदा शाबीत झाला, की कलम ३५ आणि ५४ मुळे गृहीतक आरोपीच्या विरोधात जातं आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे त्यालाच दाखवून द्यावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. अवतार सिंग प्रकरणात (२००२) अफूच्या बोंडांचा चुरा भरलेल्या पोत्यांवर, ट्रकमध्ये बसलेली माणसं सुटली; पोत्यांवर त्यांचा ताबा होता हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. पुढच्याच वर्षी मदनलाल प्रकरणात मात्र खासगी मोटारीतून एकत्र निघालेल्यांची शिक्षा कायम झाली, कारण आपण एकत्र कसे आणि का, याचा खुलासा कोणालाच देता आला नाही. तुमच्या मुलाची केस या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे.

ती कुठे सरकते, हे बारीकसारीक गोष्टी ठरवतील. डिकीची चावी कोणाकडे होती? सॅकमध्ये गांजाखेरीज काय निघालं? कोणाचं आयकार्ड, कपडे, औषधाची चिठ्ठी? ते पंचनाम्यात उतरलंय का? मुलगा वाटेत चढला असेल तर तिथल्या दुकानाचं, टोलनाक्याचं सीसीटीव्ही फुटेज फार दिवस राहत नाही. ते जतन करून ठेवण्याचा अर्ज न्यायालयात आजच द्या, जामिनाच्या तारखेची वाट बघू नका. आणि खर्च वाचवायला चौघांमध्ये एकच वकील करू नका. मुलाचा बचाव ‘सॅक माझी नाही’ हा आहे. म्हणजे ती उरलेल्या तिघांपैकी कोणाची तरी आहे. एकाच वकिलाने हे कसं मांडायचं?

आता मात्रा. गांजाची अल्प मात्रा १ किलोच्या आत आणि व्यावसायिक मात्रा २० किलोच्या वर. दीड किलो मधल्या गटात येतो. शिक्षा १० वर्षांपर्यंत होऊ शकते, पण जामिनाला कलम ३७ च्या कडक अटी (त्या पुढे तिसऱ्या प्रश्नात) लागत नाहीत, हा मोठा दिलासा. शिवाय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. जप्त माल नेमका काय होता आणि कशासकट तोलला, हे वकिलाला पंचनाम्यावरून तपासायला सांगा.

प्रश्न : झडतीआधी राजपत्रित अधिकारी बोलवावाच लागतो ना? आमच्या वेळी कोणी विचारलंच नाही. केस उडेल का?

झडती कशाची झाली त्यावर अवलंबून. कलम ५० चा हक्क अंगझडतीपुरता आहे. जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे पोलिसांनी आधी सांगितलंच पाहिजे; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विजयसिंह जाडेजा प्रकरणात (२०१०) ते बंधनकारक ठरवलं. पण माल पिशवीत, डिकीत, सीटखाली सापडला असेल तर हे कलम लागत नाही. पवन कुमार निकाल (२००५) तेच सांगतो. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची.

गाडीच्या केसमध्ये माझी नजर आधी पोलिसांच्या कागदपत्रांतल्या एका वेगळ्याच ओळीवर जाते : ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.’ ही ओळ असेल तर नाकाबंदी सहज लावलेली नव्हती. मग कलम ४२ येतं. बातमी लेखी नोंदवायची, ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची आणि झडती शिपायापेक्षा वरच्या, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने घ्यायची. बूटा सिंग प्रकरणात (२०२१) सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या खासगी जीपमध्ये माल सापडला होता. कलम ४२ पाळलं नाही म्हणून आरोपी सुटले. याउलट नेहमीच्या तपासणीत अचानक माल हाती लागला असेल, तर हा मुद्दा तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : भावाकडे ५५ ग्रॅम एमडी (मेफेड्रोन) मिळाली म्हणतात. पावडरीत भेसळ होती, शुद्ध एमडी निम्मीही नसेल. मग केस हलकी होईल?

नाही. हिरा सिंग प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भेसळीसकट मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर सुरू होते. म्हणजे शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २०, आणि दंड किमान १ लाख. जामिनासाठी कलम ३७ : आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. आरोपपत्रालाही १८० दिवसांची मुदत मिळते.

तरी एक गोष्ट बघाच. ५५ ग्रॅम हे प्लॅस्टिकच्या पाऊचसकट आहे की पाऊच काढून? रेषेच्या इतक्या जवळ हा फरक दहा वर्षांचा ठरू शकतो. पंचनाम्यातलं वजन आणि कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढताना भरलेलं वजन, दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा.

प्रश्न : माझी टॅक्सी. प्रवाशाच्या बॅगेत माल निघाला, गाडी तीन महिने पोलीस ठाण्याच्या आवारात सडतेय.

सोडवता येते. कलम ६० खाली गाडी सरकारजमा होऊ शकते खरी. पण मालकाच्या नकळत, त्याने पुरेशी काळजी घेऊनही ती वापरली गेली असेल तर नाही. खटला चालू असताना गाडी तात्पुरती परत द्यायला एनडीपीएस कायद्याची आडकाठी नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे निकालात स्पष्ट झालंय. तिथेही प्रवाशाने ट्रकमध्ये हेरॉइन लपवलं होतं आणि ट्रक हेच मालकाचं पोट होतं. आरसी बुक, परमिट, कर्जाचे हप्ते, त्या फेरीची नोंद जोडून विशेष न्यायालयात अर्ज करा.

प्रश्न : पोलिसांनी लिहून आणलेल्या कागदावर ‘माल माझाच आहे’ असं होतं. घाबरून सही केली. आता?

पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. एनसीबी या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी विभागासारख्या यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनाही तोफान सिंग निकालाने (२०२०) तोच नियम लावलाय. कोरा कागद असेल तर सही करायची नाही, एवढं यापुढे लक्षात ठेवा. पण रस्त्यात हुज्जत, ओढाताण नको, नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचं कलम वर चढतं. बोलायची जागा म्हणजे २४ तासांच्या आत ज्यांच्यासमोर उभं करतात ते दंडाधिकारी. दबाव आणला, मारलं, हे तिथेच सांगा, न्यायालयाच्या रोजनाम्यात येऊ द्या. तुमच्या बाबतीत ती वेळ टळली असेल तर वकिलामार्फत लेखी अर्ज द्या. त्याच अर्जात झडतीच्या चित्रीकरणाची मागणी करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. ते मिळालं तर पंचनाम्यातल्या वेळा त्याच्याशी ताडून बघा, पंच तिथे खरोखर हजर होते का तेही दिसेल.